'हे' म्हणजे नक्की काय? इफिस २:८ ग्रीकमधून कसं तपासायचं (ग्रीक न येणाऱ्यांसाठी)

आमच्या घरगुती बायबल स्टडीत मी कितीतरी वर्षं एक गोष्ट छातीठोकपणे सांगत आलो आणि ती सपशेल चुकीच्या कारणाने सांगत आलो, म्हणून हा लेख. वचन सगळ्यांच्या तोंडपाठ असतं, इफिस दोन आठ, म्हणजे नव्या करारातल्या पौलाच्या इफिसकरांस पत्राचा दुसरा अध्याय, आठवं वचन (मूळ ग्रीकमध्ये लिहिलेलं). आपल्या नेहमीच्या मराठी बायबलात ते असं आहे: "कारण कृपेनेच विश्वासाच्या द्वारे तुमचे तारण झालेले आहे आणि हे तुमच्या हातून झाले असे नाही, तर हे देवाचे दान आहे." आता यातलं 'हे' म्हणजे कोण? देवाचं दान नक्की काय आहे, कृपा, विश्वास की तारण?

मी म्हणायचो, सोप्पंय. ती कृपा, तो विश्वास, ते तारण. वचनात 'हे' आहे म्हणजे नपुंसकलिंग, म्हणजे तारण, पाचवीतलं व्याकरण आहे, पुढे चला. मग एका शनिवारी कॉलेजात जाणारा एक मुलगा फोन बघत बघत म्हणाला, "काका, पण ग्रीकमध्ये इथे तारण असं नामच नाहीये." मी म्हटलं असं कसं नाही, दाखव, आणि त्याने दाखवलं, आणि खरंच नव्हतं. समोरचा चहा तसाच राहिला.

बरं, हा नुसता व्याकरणाचा किस पाडणं नाही. 'हे' म्हणजे विश्वास असं धरलं तर अर्थ होतो की विश्वास ठेवणंसुद्धा माणसाच्या हातात नाही, तोही देवच देतो. सोळाव्या शतकातला चर्चसुधारक कॅल्विन, त्याच्या परंपरेतले लोक हे वचन या बाजूने आणतात आणि आर्मिनियन बाजूचे (माणसाच्या निवडीवर भर देणारे) म्हणतात की थांबा, दान तारणाचं आहे, हात पुढे करायचा तो माणसानेच. १६१८-१९ ला डॉर्टच्या सिनॉडमध्ये (नेदरलँड्समधल्या चर्चच्या सभेत) या सगळ्या विषयावर रीतसर निकाल दिला गेला तरी वाद काही संपला नाही, आजही कुठल्याही चर्चच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकून बघा (नका टाकू).

तर आता तपासायचं कसं ते क्रमाने सांगतो. ग्रीक यायची गरज नाही, मराठी नीट येत असली की निम्मं काम झालेलं असतं, ते कसं ते पुढे कळेलच.

स्टेप १: इंटरलिनियर उघडा

इंटरलिनियर म्हणजे वर ग्रीक शब्द, त्याच्या खाली अर्थ आणि त्याच्या खाली व्याकरणाचा कोड. बायबल हब नावाची साइट फुकट आहे, केंब्रिजच्या टिंडेल हाऊसवाल्यांचं स्टेप बायबलही फुकट आहे, दोन्ही फोनवर चालतात. स्ट्राँग्ज नंबर (प्रत्येक मूळ शब्दाला दिलेला आकडा) पण दिसतील, पिस्तिसचा म्हणजे विश्वासाचा ४१०२, खारिसचा म्हणजे कृपेचा ५४८५ वगैरे, त्यांनी शब्द शोधायला मदत होते पण एक धोका आहे. स्ट्राँग्ज ही १८९० सालची शब्दसूची आहे, ती शब्दाचा अर्थ सांगते, वाक्यात तो शब्द काय काम करतोय ते सांगत नाही. नवशिके लोक (मीही त्यातलाच) नंबरवर क्लिक करून सात अर्थ वाचतात आणि आवडेल तो उचलतात. तसं करू नका, आपल्याला इथे अर्थापेक्षा लिंग आणि विभक्ती हवी आहे.

स्टेप २: ओळ हाताने लिहून काढा

वहीत, पेनने. ग्रीक अक्षरं नाही आली तर देवनागरीत लिहा:

ती गार खारिती एस्ते सेसोस्मेनोइ दिया पिस्तेओस, काइ तूतो ऊक एक्स ह्युमोन, थेऊ तो दोरोन.

खाली शब्दाला शब्द: त्या – कारण – कृपेने – आहात – तारलेले – द्वारे – विश्वासाच्या, आणि – हे – नाही – मधून – तुमच्या, देवाचं – ते – दान. ('गार' म्हणजे 'कारण' बरं का, आमच्याकडे पहिल्यांदा वाचलं तेव्हा सगळे हसले.)

लिहिताना लगेच दोन गोष्टी लक्षात येतील. एक, 'तुमच्या हातून झाले असे' एवढं सगळं ग्रीकमध्ये नाहीच, तिथे क्रियापदच नाही, नुसतं 'आणि हे तुमच्यातून नाही'. दोन, मराठीत 'हे' दोनदा आलंय आणि ग्रीकमध्ये 'तूतो' एकदाच. दुसरं 'हे' भाषांतर करणाऱ्यांनी वाक्य पुरं व्हावं म्हणून घातलंय, त्याशिवाय मराठीत ते वाचवणार नाही, त्यांची काही चूक नाही. पण आपण अर्थ काढताना त्या दुसऱ्या 'हे'वर इमारत बांधायची नाही.

आणि हो, मधले स्वल्पविराम जुन्या हस्तलिखितांत नव्हते, शब्दांमध्ये जागासुद्धा सोडायचे नाहीत. वचनांचे आकडे तर १५५१ ला रोबेर एस्तिएन नावाच्या छापखानेवाल्याने घातले. म्हणून वचन आठला संपतं असं मनात धरून बसू नका, नऊपर्यंत वाचा, ते लागणार आहे.

स्टेप ३: लिंग शोधा, इथेच मराठी माणसाचा फायदा आणि इथेच त्याचा घात

इंग्रजीवाल्यांना हा भाग समजावून सांगायला पाच पानं लागतात कारण त्यांच्याकडे टेबलाला लिंग नसतं. आपल्याला काय, टेबल ते, खुर्ची ती, पंखा तो, का म्हणून विचारायचं नाही. ग्रीकही तसंच. आपल्याकडे मूल नपुंसकलिंगी असतं तसं त्यांच्याकडे 'तेक्नोन' म्हणजे मूल नपुंसकलिंगीच असतं.

फक्त एक गंमत सांभाळा. ग्रीकमध्ये नामाच्या आधी जे छोटं आर्टिकल येतं ते पुल्लिंगी 'हो', स्त्रीलिंगी 'हे' आणि नपुंसकलिंगी 'तो'. म्हणजे त्यांचं 'हे' म्हणजे आपली 'ती' आणि त्यांचा 'तो' म्हणजे आपलं 'ते'! पहिला आठवडा डोकं गरगरतं, नंतर बसतं.

आता कोड बघा. पिस्तेओसखाली असेल एन-जीएफएस, म्हणजे नाम, षष्ठी, स्त्रीलिंग, एकवचन. खारितीखाली एन-डीएफएस, तेही स्त्रीलिंग, फक्त विभक्ती वेगळी. तूतोच्या कोडात शेवटी एनएनएस, प्रथमा, नपुंसकलिंग, एकवचन. आणि दोरोन म्हणजे दान, तेही नपुंसकलिंगी.

म्हणजे मांडून बघा. मराठीत कृपा ती, विश्वास तो, तारण ते, तिघांची तीन लिंगं, त्यामुळे 'हे' म्हटलं की आपला कान आपोआप तारणाकडे वळतो. ग्रीकमध्ये कृपा ती, विश्वासही ती, आणि तारण? 'सोतेरिया' हे नाम ग्रीकमध्ये आहे पण तेही स्त्रीलिंगी आणि मुख्य म्हणजे ते या वचनात नाहीच. तिथे आहे 'एस्ते सेसोस्मेनोइ', म्हणजे 'तुम्ही तारलेले आहात', धातुसाधित, पुल्लिंगी अनेकवचन, कारण ते 'तुम्ही'शी जुळतं. 'तुमचे तारण झालेले आहे' ही मराठीची सोय आहे, नाम आलं आणि योगायोगाने ते नपुंसकलिंगी निघालं, आणि मी त्या योगायोगावर दहा वर्षं शिकवलं!

तर ग्रीकमध्ये 'तूतो'ला जुळेल असं एकही नाम त्याच्या आधी नाही. पौलाला सरळ 'हा विश्वास तुमचा नाही' म्हणायचं असतं तर त्याच्याकडे स्त्रीलिंगी 'हाउते' तयार होतं, त्याने ते वापरलं नाही. दोरोन नपुंसकलिंगी आहे म्हणून तूतो त्याच्याकडे ओढला गेला असं कोणी म्हणेल, पण तूतोचं वाक्य 'ऊक एक्स ह्युमोन'पाशी संपतं, दोरोन पुढच्या तुकड्यात आहे, मला ते पटत नाही.

स्टेप ४: मग नपुंसकलिंग कशासाठी? आपल्याच बोलण्यात शोधा

हे बघा: "ती न सांगता माहेरी निघून गेली, हे काही बरं झालं नाही." यातलं 'हे' कोण? ती स्त्रीलिंगी, माहेर नपुंसकलिंगी, पण 'हे' माहेरबद्दल आहे का? नाही ना. 'हे' म्हणजे निघून जाणं, अख्खी घटना. मराठीत घटनेकडे बोट दाखवायचं तर आपण नपुंसकलिंग वापरतो, ग्रीकही तेच करतं. म्हणजे 'तूतो' म्हणजे कृपेने विश्वासाच्या द्वारे तारलं जाणं, हा सगळा प्रकार.

ही माझी सोय म्हणून नाही सांगत, त्याच पत्रात दाखला आहे. इफिस ६:१, मुलांनो आईबापांच्या आज्ञेत राहा, 'कारण हे योग्य आहे', तिथेही तूतोच आहे आणि ते म्हणजे आज्ञेत राहणं, कुठलं नाम नाही. पौलाच्याच दुसऱ्या पत्रातलं फिलिप्पै १:२८ तर अजून जवळचं, तिथे 'नाश' स्त्रीलिंगी, 'तारण' स्त्रीलिंगी, त्यांचं 'चिन्ह' हा शब्दही ग्रीकमध्ये स्त्रीलिंगी, तीन तीन नामं स्त्रीलिंगी आणि लगेच 'काइ तूतो आपो थेऊ', आणि हे देवापासून. अगदी आपल्याच वचनाचा जुळा भाऊ.

अजून एक वापर बघून ठेवा. १ करिंथ ६:६, भाऊ भावावर फिर्याद करतो, 'काइ तूतो' विश्वास न ठेवणाऱ्यांसमोर! याला मराठीत काय म्हणाल? "आणि तेही". तो पंढरपूरला गेला, आणि तेही चालत. सख्ख्या भावाला कोर्टात खेचलं, आणि तेही परक्यांपुढे. तसं इफिसमध्ये वाचून बघा, तुम्ही कृपेने तारलेले आहात, आणि तेही तुमच्यातून नाही. काही अभ्यासकांना हे वाचन आवडतं, तेव्हा तूतो कशाकडे बोट दाखवतच नाही, नुसता जोर देतो. मला स्वतःला आधीचं म्हणजे अख्ख्या प्रकाराकडे बोट दाखवणारं जास्त पटतं, पण खरं सांगायचं तर दोघांत फार अंतर पडत नाही, विश्वास या एकाच शब्दावर दोन्ही थांबत नाहीत.

स्टेप ५: पुढचं वाचा

वचन नऊ, 'ऊक एक्स एर्गोन', कर्मांतून नाही. बघा बांधणी तीच आहे, ऊक एक्स ह्युमोन, ऊक एक्स एर्गोन, तुमच्यातून नाही, कर्मांतून नाही, दोन्ही एकाच गोष्टीबद्दल बोलतायत. आता तूतोच्या जागी विश्वास घाला, 'विश्वास कर्मांतून नाही', हे जरा विचित्र लागतं, असं कोण म्हणत होतं की विश्वास कर्मांतून येतो? तारलं जाणं घाला, लगेच बसतं. व्याकरणाने जिथे सोडलं तिथून संदर्भाने हात धरला.

मधेच दोन छोट्या गोष्टी, कारण कोड उघडलाच आहे तर

'दिया पिस्तेओस'मध्ये दिया हे अव्यय षष्ठीबरोबर आलं की 'च्या द्वारे', द्वितीयेबरोबर आलं की 'च्यामुळे'. इथे षष्ठी आहे. म्हणून मराठी बायबलातलं 'विश्वासाच्या द्वारे' एकदम चोख आहे आणि आपण प्रार्थनेत भसकन 'विश्वासामुळे तारण झालं' म्हणतो ते इथल्या ग्रीकला धरून नाही. नळामुळे पाणी नसतं, नळातून असतं.

दुसरं, सेसोस्मेनोइच्या कोडात व्ही-आर असं दिसेल, आर म्हणजे परफेक्ट (पी हे अक्षर प्रेझेंटने आधीच घेतलंय म्हणून). परफेक्ट म्हणजे काम मागे पुरं झालं आणि त्याचा परिणाम अजून आहे. "दार उघडलेलं आहे", कोणीतरी उघडलं आणि ते अजून उघडंच आहे. मराठीतलं 'झालेले आहे' यासाठी हुबेहूब बसतं. आणि सुरुवातीचं 'ती', म्हणजे 'त्या' कृपेने, ते वचन पाचकडे बोट दाखवतं, तिथे तोच वाक्प्रयोग आर्टिकलशिवाय आलाय. मघाशी म्हटलं ना, ती कृपा, तिनेच.

स्टेप ६: आधीच्या लोकांनी काय वाचलं ते बघा, पण शेवटी बघा

आधी स्वतः वहीत लिहा मग हे वाचा, नाहीतर मोठ्या नावाखाली दबून जाल. इथे फार मजेशीर चित्र आहे. चौथ्या शतकातला योहान ख्रिसोस्तोम, ज्याची मातृभाषाच ग्रीक, त्याने इफिसच्या पत्रावरच्या प्रवचनात चक्क म्हटलंय की विश्वाससुद्धा आपल्यातून नाही. जुन्या चर्चमधला मोठा विचारवंत ऑगस्टिनही हे वचन विश्वास देवाचं दान आहे हे दाखवायला वापरतो. आणि कॅल्विन? ज्याच्या नावाने आज लोक 'हे म्हणजे विश्वास' ठासून सांगतात तो १५४८ च्या आपल्या भाष्यात म्हणतो की दान हा शब्द फक्त विश्वासापुरता धरणं ही नेहमी होणारी चूक आहे, पौल तारणाबद्दल बोलतोय. म्हणजे कॅल्विनवाल्यांशी भांडायचं तर कॅल्विन तुमच्या बाजूने आणि ग्रीक बोलणारा ख्रिसोस्तोम त्यांच्या बाजूने, घ्या आता!

मी याचा अर्थ असा लावतो की ख्रिसोस्तोम शब्दाचं लिंग जुळवत बसला नव्हता, तो प्रवचन देत होता, आणि अख्खा प्रकार देवाचा म्हटल्यावर त्यातला विश्वासही आलाच असं त्याने पुढे नेलं. तुम्हाला वेगळं वाटू शकतं.

स्टेप ७: व्याकरणाला जेवढं येतं तेवढंच त्याच्याकडून घ्या

व्याकरणाने काय सांगितलं? फक्त एवढंच की 'तूतो' एकट्या विश्वासाकडे बोट दाखवत नाही. 'विश्वास देवाचं दान नाही' असं त्याने सांगितलं नाही, हे कृपा करून लक्षात ठेवा कारण आर्मिनियन बाजूचे मित्र इथे टाळ्या वाजवून निघून जातात. अख्खा प्रकार दान आहे तर विश्वास त्या प्रकाराच्या आत आहे की बाहेर, हा प्रश्न उरतोच. त्यासाठी दुसरी वचनं लागतात, फिलिप्पै १:२९ वाचा, तिथे विश्वास ठेवणंसुद्धा 'देण्यात आलंय' असं आहे आणि त्या क्रियापदात खारिसचीच मुळं आहेत. म्हणजे ज्यांना तो मुद्दा मांडायचाय त्यांनी जरूर मांडावा, फक्त चुकीच्या वचनावरून नको.

मराठी भाषांतरं दोन-तीन समोर ठेवा. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये बसून, हिब्रू आणि ग्रीक शिकून, आयुष्याची शेवटची वर्षं सोप्या मराठीत बायबल आणण्यात घालवली, १९२२ ला त्या गेल्या तोवर ते काम त्यांच्या हातात होतं. आपल्याकडे आज फुकट ॲप आहे आणि आपण लिंगसुद्धा बघत नाही, याची मला तरी त्या शनिवारी जरा लाजच वाटली. भाषांतरं वाचताना एकच बघायचं, 'हे'च्या आधी त्यांनी नाम कुठलं ठेवलंय, कारण मराठी वाचणाऱ्याचा कान तिकडेच जाणार.

तो मुलगा अजून येतो. मागच्या वेळी मी त्याला गृहपाठ दिला, तोच तुम्हालाही देतो, एका संध्याकाळचं काम आहे. प्रभुभोजनाचं वचन, लूक २२:१९, 'हे माझे शरीर आहे'. मराठीत हातात भाकर आहे, ती स्त्रीलिंगी. ग्रीकमध्ये भाकर म्हणजे 'आर्तोस', तो पुल्लिंगी. आणि येशू म्हणतो 'तूतो', नपुंसकलिंगी. शरीर म्हणजे 'सोमा', त्याचा कोड काढा, मग मराठीत आपण भाकर हातात धरून 'ही माझे शरीर' असं का म्हणत नाही ते मोठ्याने म्हणून बघा. इफिसमध्ये दोरोनकडे ओढ लागत नाही असं मी वर म्हटलं, इथे मात्र सोमाकडे लागते का ते ठरवा. चर्चसुधारक लूथर आणि झ्विंगली १५२९ ला जर्मनीतल्या मारबुर्गला याच वाक्यावरून एकमेकांपासून फुटले, त्यांचं भांडण 'आहे' या शब्दावर होतं, 'हे'वर नाही, त्यामुळे तेवढा भाग सोडून उत्तर लिहा.